अण्णा भाऊ साठे : दीड दिवसाची शाळा आणि ‘आयरनी’चा धडा



दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या शाळांत एकाच टेबलावर दोन फोटो मांडले जातात. एक लोकमान्य टिळकांचा आणि दुसरा लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. मुलं भाषणं पाठ करून येतात. टिळकांच्या भाषणात शेंगांच्या टरफलांची गोष्ट हमखास असते. अण्णा भाऊंच्या भाषणात ते फक्त दीड दिवस शाळेत गेले, हे वाक्य हमखास असतं. टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि कार्यक्रम संपतो.

अशाच एका कार्यक्रमानंतर एका पालकांनी मला थांबवून एक शंका विचारली. त्यांच्या मुलीच्या इंग्रजीच्या अभ्यासात ‘आयरनी’ हा शब्द आला होता. मुलीला आधी वाटलं, ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, त्याच्याशीच काहीतरी संबंध असेल. शब्दकोशात पाहिलं तर ‘उपरोध’ असा अर्थ मिळाला. पण धड्यात तर कुणीच कुणाला टोचून बोललेलं नव्हतं! मग उपरोध कुठून आला? मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. पण खरं सांगायचं तर त्यांचंही समाधान झालं नाही आणि माझंही नाही.

घरी येताना लक्षात आलं, की उत्तर तर त्या टेबलावरच ठेवलेलं होतं. वाटेगाव हे आपल्या वाळवा तालुक्यातलं गाव, इस्लामपूरकरांना काही परकं नाही. त्या गावात जन्मलेल्या माणसाचं आयुष्य नीट वाचलं, तर ‘आयरनी’ वेगळी शिकवावी लागत नाही. म्हणून आज अण्णा भाऊंचं चरित्र थोडक्यात पाहू आणि त्याच्या सोबतीनं हा शब्दही समजून घेऊ.

आधी शब्द समजून घेऊ

आयरनी म्हणजे वरवर जे दिसतं किंवा बोललं जातं आणि प्रत्यक्षात जे असतं, त्या दोन्हींमधली उलटी तफावत. यातला ‘उलटी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता फरक पुरत नाही. अपेक्षा एका दिशेची आणि घडतं बरोबर त्याच्या विरुद्ध, असं असेल तरच तिला आयरनी म्हणतात.

इंग्रजीत हिचे साधारण तीन प्रकार शिकवले जातात.

पहिला प्रकार बोलण्यातला. तोंडानं एक म्हणायचं आणि अर्थ उलटा ठेवायचा. मुलानं दुधाचं पातेलं सांडलं की आई म्हणते, वा, फार छान काम केलंस! आपल्याकडे याला उपरोध म्हणतात. मराठी व्याकरणात अलंकार शिकताना आपण व्याजस्तुती शिकलो. स्तुतीच्या आडून निंदा किंवा निंदेच्या आडून स्तुती. ती याच घराण्यातली.

दुसरा प्रकार परिस्थितीतला. २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. कृष्णा आणि वारणेचं पाणी घरात शिरलं होतं, चारी बाजूंनी पाणीच पाणी होतं आणि लोक प्यायच्या पाण्याच्या बाटलीची वाट बघत होते. इथं कुणीच उपरोधानं बोललेलं नाही. परिस्थितीच उलटी आहे. मराठीत अशा वेळी आपण दैवदुर्विलास किंवा नियतीची थट्टा असं म्हणतो. त्या मुलीच्या धड्यातली आयरनी या प्रकारची असणार. शब्दकोशातला ‘उपरोध’ तिथं तोकडा पडला, तो यामुळे.

तिसरा प्रकार नाटकातला. प्रेक्षकाला जे ठाऊक असतं, ते पात्राला ठाऊक नसतं. रामायणात सीतामाईला सोन्याचं हरीण दिसतं. ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, की तो मारीच आहे. सीतेला मात्र माहीत नसतं. त्यामुळे ती हरणाचं जेवढं कौतुक करते, तेवढी आपल्या जिवाची घालमेल वाढते.

या शब्दाचं मूळही मजेशीर आहे. तो ग्रीक भाषेतून आला. जुन्या ग्रीक विनोदी नाटकांत ‘एइरॉन’ नावाचं एक ठरलेलं पात्र असायचं. ते स्वतःला अडाणी दाखवायचं, भोळे भोळे प्रश्न विचारायचं आणि शेवटी समोरच्या बढाईखोराची फजिती करायचं. सॉक्रेटिससुद्धा आपल्याला काही कळत नाही, असा आव आणून मोठमोठ्या जाणकारांना प्रश्न विचारायचा. हे वाचून तुम्हाला कोण आठवतं? मला आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवतो! वेड पांघरून शहाण्यांची फिरकी घेणारा. म्हणजे शब्द ग्रीक असला, तरी ती चीज आपल्या मातीत आधीपासूनच होती. आणि अण्णा भाऊ याच मातीतले.

जन्म आणि गाव

अण्णा भाऊंचं मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालूबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० चा. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, सांगली जिल्हा नंतर वेगळा झाला. ज्या दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन झालं, त्याच दिवशी इकडे वाटेगावच्या मांगवाड्यात तुकारामाचा जन्म झाला.

इथं एक मिनिट थांबू. बरेच वक्ते या तारखेला नियतीचा विलक्षण खेळ वगैरे म्हणतात. इंग्रजीत बोलणारेही अशा ठिकाणी ‘आयरॉनिकली’ म्हणून मोकळे होतात. पण ही आयरनी नाही. हा योगायोग आहे. दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या, एवढंच. त्यांच्यात एकमेकांच्या उलट असं काही नाही. मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगावा, कारण या शब्दाचा सगळ्यात जास्त चुकीचा वापर इथंच होतो.

खरी आयरनी त्या वस्तीतच होती. मांग समाजाकडे गावाच्या राखणीचं काम असे. रात्री गाव झोपायचं, ते यांच्या भरवशावर. आणि इंग्रज सरकारनं याच समाजाला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या यादीत टाकलं. १८७१ च्या कायद्यानं जन्मालाच गुन्हा ठरवण्याची सुरुवात केली होती. मूल अजून पाळण्यात आहे, पण सरकारी कागदावर त्याची जमात चोर! मोठ्या माणसांना हजेरी द्यावी लागे. म्हणजे जो राखणदार, त्याच्यावरच पाळत. परिस्थितीतली आयरनी म्हणजे काय, हे याहून सोपं करून कसं सांगणार?

दीड दिवसाची शाळा

लहानग्या तुकारामाला शाळेत घातलं गेलं. पण तिथं जातीचा दुजाभाव आणि गुरुजींचा मार वाट्याला आला आणि दीड दिवसात शाळा सुटली ती कायमची, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. आता टेबलावरचे ते दोन फोटो पुन्हा डोळ्यांसमोर आणा. टिळकांच्या गोष्टीतही गुरुजी आहेत, शिक्षा आहे आणि न वाकणारा मुलगा आहे. त्या मुलाचा बाणेदारपणा म्हणून आपण कौतुक करतो. टिळकांचे वडील स्वतः शिक्षक होते, शिक्षणाची वाट त्यांच्यासाठी मोकळी होती. तुकारामाला मात्र शाळेतून बाहेर पडल्यावर परत आणणारं कुणी नव्हतं. एकाच प्रसंगाची दोन टोकं.

तुकाराम मग गावात, शिवारात, डोंगरात वाढला. दांडपट्टा शिकला. पाठांतर जबरदस्त होतं. पोवाडे, लावण्या, गोष्टी एकदा ऐकल्या की तोंडपाठ. घरातल्या चुलत्यांचा, भावंडांचा तमाशाशी संबंध होता. बापू साठे यांचा तमाशाचा फडच होता. शाळेनं जे दिलं नाही, ते डफ-तुणतुण्यानं दिलं.

पायी मुंबई आणि पाट्यांची शाळा

१९३१-३२ च्या सुमारास भाऊराव कुटुंबाला घेऊन पोटासाठी मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल ते खात, हे कुटुंब तीनशेहून अधिक किलोमीटर चालत मुंबईला पोचलं. आज आपण इस्लामपूरच्या स्टँडवरून रात्रीच्या गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. मुलांना हे अंतर नकाशावर बोटानं मोजायला लावा. त्यांच्याच वयाचं एक पोर हे अंतर चाललं होतं, हे मग भाषणातल्या वाक्यापेक्षा जास्त कळतं.

मुंबईत त्यांनी पडेल ते काम केलं. हमाली केली, ओझी वाहिली, गिरणीत कामगार म्हणून राबले. आणि याच शहरात ते वाचायला शिकले. कसे? दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. अक्षर ओळखायचं, कुणाला तरी विचारायचं, पुढच्या पाटीवर तेच अक्षर शोधायचं. आपण पहिली-दुसरीच्या वर्गात परिसरातील अक्षरं शोधा असा उपक्रम घेतो ना, तो हाच! फरक एवढाच की आपल्या मुलांसाठी तो उपक्रम असतो आणि अण्णांसाठी तो एकच मार्ग होता.

ज्याला शाळेनं अक्षर दिलं नाही, त्यानं पुढं पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय कथा, लोकनाट्यं, पोवाडे, गाणी, एक प्रवासवर्णन. आज त्यांच्या साहित्यावर पीएच.डी. केलेले लोक आहेत. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसावर अभ्यास करून मोठ्या पदव्या मिळतात. ही तफावत उलटी आहे आणि कुणी मुद्दाम ठरवून घडवलेली नाही. ही आयरनी.

लाल बावटा आणि सोंगाड्याचं शहाणपण

मुंबईत अण्णा भाऊ कामगार चळवळीत आणि कम्युनिस्ट पक्षात आले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असताना त्यांनी रचलेलं सुरुवातीचं गाणं तिथल्या डासांवर होतं, असं सांगतात. कल्पना करा! पोवाडा म्हटला की आपल्याला राजे, तलवारी आणि किल्ले आठवतात. इथं शाहीर डासांवर बोलतोय. ऐकणारा आधी हसतो आणि मग त्याला कळतं, की आपण ज्यावर हसलो ती आपलीच वस्ती आहे, आपलीच गटारं आहेत. भारी थाट आणि क्षुल्लक विषय, ही उपरोधाची जुनी युक्ती. पण अण्णांच्या हातात ती तक्रार अर्ज झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा जुना साचा त्यांनी घेतला आणि आतला ऐवज बदलला. गणात गणपतीच्या नमनाच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमाला वंदन आलं. गवळण बाजूला गेली. वगात राजाच्या जागी शेतकरी, मजूर आणि सावकार आले.

त्यांच्या काही लोकनाट्यांची नुसती नावं बघा. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’. यातलं ‘देशभक्त घोटाळे’ हे नाव फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, यात गंमत कशात आहे? पहिला शब्द आपली मान उंच करतो आणि दुसरा शब्द त्याच माणसाचं धोतर ओढतो. दोन शब्दांत अख्खी आयरनी! इथं शिवी नाही, आरडाओरडा नाही. मोठ्या शब्दाशेजारी खरं नाव ठेवलं, की काम झालं.

मग तमाशावर सरकारी बंदी आली. तेव्हा लोकनाट्य हे नाव पुढं आलं आणि खेळ चालू राहिले. ज्या कलेला अश्लील आणि हलकी म्हणून दाबलं, तीच नव्या नावानं प्रतिष्ठित झाली. पुढं तर सरकारच आपल्या योजनांच्या प्रचारासाठी गावोगाव कलापथकं पाठवू लागलं. बंदी घालणाऱ्यानंच शेवटी तुणतुणं उचललं. हीसुद्धा परिस्थितीतली आयरनीच.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरात पोचली. त्यात गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाबरोबर महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाचं दुःख आहे. पण लक्षात ठेवा, ही आयरनी नाही. इथं एकाच्या आडून दुसरं सांगितलंय, पण उलटं सांगितलेलं नाही. मैनेचं दुःखही खरं आणि सीमाभागाचंही खरं. हे रूपक झालं. मुलं रूपक आणि आयरनी यात फार गोंधळतात, म्हणून हे उदाहरण वर्गात जरूर घ्या. सोपी कसोटी अशी : वरचा अर्थ आणि आतला अर्थ एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून उभे असतील तर आयरनी, एकाच दिशेला चालत असतील तर रूपक.

पृथ्वी कुणाच्या आधारावर

१९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. तिथं त्यांनी मांडलेला विचार आजही प्रत्येक भाषणात येतो. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे, ही आपल्याकडची जुनी समजूत. अण्णा भाऊंनी ती उचलली आणि शेषाला तिथून बाजूला केलं. पृथ्वीचा भार दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर आहे, असं त्यांनी सांगितलं.

मला यात त्यांच्या सगळ्या लेखनाची किल्ली सापडते. जे सगळ्यांना पेलतात, त्यांनाच समाजानं सगळ्यांच्या खाली ठेवलं. आधार ज्याचा, त्यालाच जागा नाही. अण्णा भाऊंची आयरनी या एका विसंगतीतून निघते आणि पुन्हा पुन्हा तिथंच येते.

फकिरा आणि स्मशानातलं सोनं

त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरी आपल्याच भागात घडते. फकिराचा बाप राणोजी गावाची जोगणी आणण्यासाठी, म्हणजे गावाच्या मानासाठी जीव देतो. त्याच राणोजीचा मुलगा दुष्काळात माणसं अन्नाविना मरताना पाहतो आणि धान्य, खजिना लुटून वाटतो. सरकारच्या लेखी तो दरोडेखोर. सरकार त्याच्या माणसांना धरतं आणि त्यांना सोडवण्यासाठी तो स्वतः हजर होतो. ज्याच्या बापानं गावासाठी मान दिली, त्याच्यावर चोराचा शिक्का. वर राखणदाराची गोष्ट पाहिली ना, तीच इथं कादंबरी झाली.

पण परिस्थितीतली आयरनी शिकवायला मी त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घेते. कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला जातो. अंगात हत्तीचं बळ. दगडाच्या खाणीत त्याला काम मिळतं. डोंगर फोडून घर चालत असतं. मग एक दिवस खाण बंद पडते. हताश भीमाला स्मशानाच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते आणि तो रात्री-अपरात्री राख चाळायला, नंतर प्रेतं उकरायला लागतो. मेलेल्यांवर जिवंत माणसं जगू लागतात. शेवटी एका प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं दातांत अडकतात आणि ती दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते, की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारी बोटं गेली, तेव्हा डोंगर फोडायचं काम आलं.

या शेवटाला मुलं गप्प होतात. तेव्हाच विचारावं, भीमाला शिक्षा झाली का? तो वाईट होता का? खाण बंद कुणी केली? मुलं बोलू लागतात. इथं आयरनी हे नुसतं अभ्यासातलं लक्षण राहत नाही. बातमी आठ दिवस आधी आली असती तर, हा प्रश्न मुलांच्या मनात घर करून राहतो. अण्णा भाऊंनी भीमावर ताशेरे मारलेले नाहीत. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि ते बाजूला झाले.

रशिया आणि चिरागनगर

१९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला गेले. परत येऊन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्यांच्या साहित्याची रशियन भाषेत आणि इतरही भाषांत भाषांतरं झाली. ज्यांची भाषा आपल्याला येत नाही, त्या देशात त्यांना वाचक होते. आणि इकडे त्यांचा मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. बरीच वर्षं ते तिथंच राहिले आणि तिथंच लिहीत राहिले. कादंबऱ्यांवरून चित्रपट निघाले, पण हातात पैसा टिकला नाही. अखेरची वर्षं हलाखीत आणि आजारपणात गेली. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचं निधन झालं. एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले होते.

नंतर काय काय झालं बघा. २००२ मध्ये १ ऑगस्टलाच त्यांचं टपाल तिकीट निघालं. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. महाराष्ट्रात किती रस्ते, चौक, सभागृहं, वाचनालयं त्यांच्या नावाची आहेत, ते मोजणं अवघड. पाट्या वाचून जो माणूस अक्षरं शिकला, त्याच्या नावाच्या पाट्या आज गावोगाव आहेत. त्या वाचून एखादं पोर अक्षर ओळखत असेल, हा विचार मला फार बरा वाटतो. आयरनी नेहमी कडूच असते, असं नाही. कधी कधी ती भरपाईसुद्धा करते.

शेवटी थोडं आपल्याबद्दल

आता आपल्या शिक्षकांच्या कामाचा मुद्दा. बोलण्यातली आयरनी, म्हणजे उपरोध, आपण वर्गात रोज वापरतो. नकळत वापरतो. मीही वापरलाय. ऊसतोडीच्या हंगामात तोडकऱ्यांच्या पालावरचा एक मुलगा आमच्या वर्गात बसायचा. एके दिवशी तो फार उशिरा आला. मी त्याला पाटील म्हणून हाक मारली आणि चहा सांगू का, असं विचारलं. त्यानं सरळ मान हलवली आणि नको बाई, पिऊन आलोय, म्हणून सांगितलं. वर्ग खदखदून हसला. तो इकडं तिकडं बघत राहिला, कशाला हसतायत ते त्याला कळेना. मग हळूहळू कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. पुढचे चार दिवस तो आला नाही. मी पालावर जाऊन त्याला घेऊन आले. तो आला, पण पूर्वीसारखा बोलला नाही.

लहान मुलांना उपरोध लवकर कळत नाही. ती शब्दाचा सरळ अर्थ घेतात. कळतो तेव्हा तो विनोद म्हणून कळत नाही, अपमान म्हणून कळतो. माझ्या त्या वाक्यात आणि अण्णा भाऊंच्या ‘देशभक्त घोटाळ्यां’त युक्ती एकच आहे : म्हणायचं एक, अर्थ उलटा. पण अण्णा भाऊंचा उपरोध खालून वर जायचा. सावकार, पुढारी, शेटजी यांच्याकडे. माझा वरून खाली आला. पहाटे उठून, धाकट्या भावंडाला सांभाळून, चालत शाळेत आलेल्या पोरावर. उपरोध वापरण्याआधी तो कुठल्या दिशेनं जातोय, हे बघायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

वर्गात घेण्यासाठी तीन छोटे उपक्रम सुचवते. एक, मुलांना आठवड्याभरात घरी-दारी ऐकलेली उलट्या अर्थाची वाक्यं लिहून आणायला सांगा आणि प्रत्येक वाक्य कुणी कुणाला म्हटलं, तेही लिहायला सांगा. दोन, पाच प्रसंग द्या आणि आयरनी, योगायोग व रूपक अशी वर्गवारी करून घ्या. तीन, मोठ्या वर्गांत ‘स्मशानातील सोनं’ शेवटाच्या आधी थांबवा आणि पुढं काय होईल, हे मुलांनाच लिहू द्या. पालकांनी पहिला उपक्रम घरीही करून पाहावा. आपण दिवसभरात मुलांना किती उलटं बोलतो, ते वहीत दिसतं!

आणि तिसऱ्या प्रकाराचं, नाटकातल्या आयरनीचं उदाहरण अण्णा भाऊंच्या आयुष्यात कुठं आहे, ते राहिलंच. ते त्या दीड दिवसात आहे. दरवर्षी १ ऑगस्टला कुणीतरी मूल माईकसमोर उभं राहून ती गोष्ट सांगतं, तेव्हा समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं, की हा मुलगा पुढं कोण होणार आहे. माहीत नसतं ते फक्त गोष्टीतल्या त्या गुरुजींना. त्यांच्या समोर एक बाहेरचं पोर आहे, एवढंच ते बघतात.

उद्या सकाळी प्रार्थना झाल्यावर आपणही वर्गात जाऊ, हजेरी घेऊ. शेवटच्या ओळीत कोण कोण बसलंय, पुढं ते कोण होणार आहे, यातलं आपल्याला काहीच माहीत नसेल. त्या गुरुजींनाही नव्हतं.